शब्दचर्चा: ‘जिवाचा नांगर’ मधला नांगर कुठला?

मूळ पोस्ट (खाली लिहिणाऱ्यांची नावं त्यांच्या सोलापुरातल्या भागावरून दिलीत)

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात 6:19 ला आशेला ‘जिवाचा नांगर’ म्हटलंय. आता आपल्या सोलापूर भागात नांगर म्हटलं की काळ्या रानातलाच, दुसरा डोळ्यापुढं येतच नाही, कारण आपल्याकडं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे उजनी. त्यामुळं कितीतरी जण हे वचन असंच समजून घेतात की देव आपल्या जिवाची नांगरट करतो, ढेकळं फोडतो, आणि मग आशेचं पीक येतं. ऐकायला बरं वाटतं, पण तिथं तो अर्थ नाहीये. तिथला नांगर जहाजाचा आहे.

मराठीत हे दोन वेगळे शब्द एका रूपात येऊन बसलेत. शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’ वरून आला आणि जहाजाचा फारसी ‘लंगर’ वरून. हिंदीत हल आणि लंगर वेगळे राहिले, आपल्याकडं दोन्हींच्या ‘ल’चा ‘न’ झाला. क्रियापदसुद्धा तेच, शेत पण नांगरतात आणि होडी पण नांगरतात. शास्त्रात, म्हणजे बायबलात, दोन्ही नांगर सापडतात: लूक 9:62 मध्ये नांगराला हात घालून मागं बघणारा माणूस आहे तो शेतातला, आणि प्रेषितांची कृत्ये 27 मध्ये चार नांगर टाकलेत ते जहाजाचे.

हे एवढं लावून का धरतोय, तर संकटातल्या माणसाला आपण जाऊन काय बोलतो ते यावरच ठरतं. नांगरट म्हटली की दुःख हेच देवाचं अवजार होतं, आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला आपण दारात उभं राहून सांगतो की देव तुझं रान तयार करतोय. मला हे फार कठोर वाटतं. जहाजाचा नांगर वादळ आणत नाही, थांबवत पण नाही, तो फक्त जहाजाला खडकावर जाऊ देत नाही.

कृत्ये 27 सावकाश वाचा एकदा. प्रेषित पौल कैदी आहे, त्याला रोमला नेतायत, जहाजावर 276 माणसं. कित्येक दिवस ना सूर्य दिसला ना तारे, आणि लिहिणारा स्पष्ट लिहितो की आपण वाचू ही आशाच सुटली. विश्वासातला माणूस जहाजावर असताना आशा सुटली असं शास्त्रात लिहिलंय, हे मला मोठं वाटतं, लपवलेलं नाही. चौदाव्या रात्री खलाशी दोरी सोडून पाणी मोजतात, 20 वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं माप), थोडं पुढं गेल्यावर 15 वाव, म्हणजे जमीन जवळ येतेय पण अंधारात खडक कुठंय ते कळत नाही. मग मागच्या बाजूनं चार नांगर टाकतात आणि दिवस उगवायची वाट बघत बसतात. दिवस उगवायच्या सुमाराला पौल सगळ्यांना म्हणतो काहीतरी खाऊन घ्या, आणि सगळ्यांसमोर भाकर घेऊन देवाचे आभार मानतो, मोडतो, खायला लागतो. पुढं जहाज फुटतंच. देवानं जहाज वाचवीन असं म्हटलंच नव्हतं, माणसं वाचतील म्हटलं होतं, आणि ती पोहत नाहीतर फळ्या धरून मिलिता बेटाला लागली, सगळीच्या सगळी.

होटगी रोड

दादा, पण रोमकरांस पत्र 5 मध्ये ‘संकटाने धीर, धीराने शील, व शीलाने आशा’ आहे की. म्हणजे संकटातून काहीतरी तयार होतं हे खरंच ना? मग नांगरटीचा अर्थ एकदम चूक कसा म्हणता?

मूळ लेखक

काहीतरी तयार होतं हे मी पण मानतो. पण तिथं बोलतंय कोण ते बघा. फटके खाल्लेला, तुरुंगात राहिलेला माणूस, पौल, स्वतःबद्दल ‘आपण’ म्हणून बोलतोय. दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या दुःखाचा अर्थ सांगत नाहीये. ज्याचं दुःख त्यानंच ते वाक्य म्हणावं, आपण ऐकावं. आणि ‘धीर’ला मूळ ग्रीक शब्द आहे हुपोमोने, त्याचा सरळ अर्थ ओझ्याखाली टिकून राहणं.

सात रस्ता

मला ‘भरवसा’ बद्दल विचारायचंय. इब्री 11:1 मध्ये विश्वास म्हणजे भरवसा असं आहे, आणि आमच्या सासूबाई उठता बसता म्हणतात भरवशाच्या म्हशीला टोणगा. माझ्या मिस्टरांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा, सकाळी डबा करून निघायचं ते संध्याकाळी घरी. सगळे म्हणतात देवावर भरवसा ठेव ताई. नेमका कशाचा ठेवू? बरे होतील याचा?

मूळ लेखक

ताई, तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी आहे. म्हणीतला भरवसा निकालाचा आहे, पारडी होणार म्हणून धरून बसलो आणि टोणगा झाला. आता हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय काढा, 3:17. अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, आणि तरी तो म्हणतो मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. टोणगा राहू द्या बाजूला, तिथं म्हैसच उरली नाही. दानीएल 3 मधले तिघं, ज्यांना मूर्तीला नमले नाहीत म्हणून राजा भट्टीत टाकायला निघालाय, ते पण राजाला हेच सांगतात, आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला आम्ही नमणार नाही. म्हणजे भरवसा देवाचा ठेवायचा, रिपोर्टचा नाही. मागायचं मात्र सोडू नका, मिस्टर बरे व्हावेत म्हणून रोज मागा, येशूनं स्वतः गेथशेमाने बागेत हा प्याला, म्हणजे हे मरणाचं दुःख, टळो म्हणून मागितलं, तेही पुन्हा पुन्हा. रडत मागितलं तरी तो विश्वासच आहे.

आणि ताई, डायलिसिसच्या दिवशी सोबत कोण असतं? तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकांना सांगून एक दिवस तरी दुसरं कुणी बसेल असं करा. संकोच करू नका यात.

साखर पेठ

आमच्या घरी तेलुगू बायबल वाचतात. त्यात जहाजाच्या नांगराला लंगरच आहे आणि शेतातल्याला नागली म्हणतात, त्यामुळं आमच्यात हा घोळ होत नाही. आणि आशेला ‘निरीक्षण’ आहे. मी मराठी शाळेत शिकलो, लहानपणी वाटायचं निरीक्षण म्हणजे प्रयोगवहीत लिहितात ते. आजी म्हणायची, अरे निरीक्षण म्हणजे वाट बघणं.

मूळ लेखक

वा, हे फार मोलाचं सांगितलंत. यशया 40:31 मध्ये मराठीत ‘परमेश्वराची आशा धरून राहणारे’ आहे, तिथला हिब्रू शब्द ‘कावा’, त्यात वाट बघणं आहेच. तुमच्या आजींनी मूळ अर्थ सांगितला. आपल्या रोजच्या मराठीत आशा बिचारी फार हलकी झालीय, आशेला लावणं, वेडी आशा, आशाळभूत, सगळीकडं फसगतच. पण ‘आशा धरणे’ मधलं धरणे चांगलं आहे, त्यात हात लागतो, आणि बेचाळिसाव्या स्तोत्रात खिन्न झालेला माणूस स्वतःच्याच जिवाला सांगतो, देवाची आशा धर.

यावरून पंडिता रमाबाई आठवतात. आईबाप दुष्काळात गेले, मग भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा कॉलऱ्यानं गेला, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. बाई त्या काळात आपल्याच सोलापूर-पुणे लाइनवरच्या केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणत होत्या, आणि एप्रिल 1922 मध्ये जाईपर्यंत ते काम सोडलं नाही. हे शब्द अशा हातांतून पण गेलेत.

होटगी रोड

मग भाषांतरात ‘लंगर’ करावं का?

मूळ लेखक

नको. मराठी माणसाला लंगर म्हटलं की गुरुद्वाऱ्यातलं जेवण आठवतं, परत नवा गोंधळ. नांगरच राहू द्या. उपासनेत वाचणाऱ्यानं आधी एवढंच सांगावं की हा जहाजाचा नांगर, आणि जमलं तर त्याच्या आधी कृत्ये 27:27 ते 44 वाचून घ्यावं. अक्कलकोटकडचे कन्नड बोलणारे कुणी असतील तर त्यांनी ‘भरवसे’ बद्दल लिहा, तुमच्याकडं एकाच शब्दात आशा पण आणि खात्री पण दोन्ही येतात ना? वापरातली दोनचार वाक्यं दिलीत तर सात रस्त्याच्या ताईंना पण उपयोग होईल.