हंपी: वयस्कर आईसोबत आलिशान रिसॉर्टमध्ये राहावे की होसपेटच्या साध्या हॉटेलात?

मुळामुठा

नमस्कार मंडळी. जानेवारीत आईला घेऊन पुण्याहून हंपीला जाण्याचे ठरत आहे. आईचे वय 74 असून गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत तिने पायी वारी कधी चुकवली नव्हती. पांडुरंग ज्या गावी जाऊन राहिला होता ते गाव एकदा डोळ्यांनी पाहू दे, असे ती बऱ्याच दिवसांपासून म्हणत आहे. कमलापुरातील इव्हॉल्व बॅक या रिसॉर्टमध्ये दोन रात्री राहावे असे माझ्या मनात आहे. धाकट्या भावाचे म्हणणे असे की हंपीला गेलेला माणूस दिवसभर देवळांतच हिंडतो, खोलीवर केवळ पाठ टेकायला येतो, तेव्हा होसपेटमध्ये साधी खोली घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत एखादा दिवस वाढवावा. आपल्यापैकी जे वयस्कर माणसांना घेऊन गेले असतील त्यांनी कृपया सांगावे, की इतका खर्च खरोखर सार्थकी लागतो का, आणि विठ्ठल मंदिर आईला कितपत झेपेल? (भाड्याचा आकडा आईला सांगणार नाही; कळला तर ती गाडीतून खालीच उतरणार नाही.)

तुंगाकाठ

ताई, आपल्या भावाचा हिशेब तरुण माणसांच्या बाबतीत चुकीचा नाही, पण तो दिवसभर देवळांत हिंडण्याच्या गृहीतकावर उभा आहे, आणि तेच आईंच्या बाबतीत लागू पडत नाही. हंपी म्हणजे सगळीकडे ग्रॅनाइट. अकरा वाजले की खडक तापू लागतो, विरूपाक्षाच्या, म्हणजे शंकराच्या, देवळाच्या आवारात चपला काढून चालावे लागते, आणि जानेवारीतही भर दुपारी तिथली फरशी पायांना जाणवते. म्हणून शहाण्या माणसाने सकाळी बाहेर पडावे, दुपारी परत येऊन जेवून निजावे आणि ऊन कलल्यावर पुन्हा निघावे. कमलापूर विरूपाक्ष मंदिरापासून चार-पाच किलोमीटरवर असल्यामुळे हे सहज जमते. होसपेट बारा-तेरा किलोमीटर लांब पडते आणि एकदा तिथे परतले की संध्याकाळी पुन्हा निघण्याचा उत्साह राहत नाही. रिसॉर्टमध्ये आपण पैसे मोजता ते रात्रीसाठी नव्हे, त्या दुपारसाठी, असे माझे मत आहे.

आता विठ्ठल मंदिराविषयी. गाड्या गेज्जल मंडपापाशी थांबवतात आणि तिथून सुमारे एक किलोमीटर बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या नेतात, त्यामुळे चालण्याची चिंता नाही. मात्र नऊ-दहा वाजल्यानंतर सहलींच्या बसगाड्या येऊ लागतात आणि या गाड्यांसाठी रांग लागते. दरवाजा उघडताच आत असणे हे आईंसाठी सर्वांत सोयीचे, आणि नेमके त्याच वेळी रिसॉर्टमधील न्याहारी ऐन रंगात आलेली असते. न्याहारी भाड्यात धरलेली असल्यामुळे ती सोडवत नाही आणि अर्धी सकाळ तिथेच जाते. आदल्या रात्री सांगून डबा बांधून घ्यावा. पन्नास रुपयांच्या नोटेवर छापलेला दगडी रथ अंगणातच आहे, तो पाहायला पायरी चढावी लागत नाही; मुख्य मंडप मात्र उंच जोत्यावर आहे. हलकेच वाजवले की सूर उमटणाऱ्या, नादस्तंभ म्हणून प्रसिद्ध असलेल्या खांबांना हात लावायला आता मनाई आहे, त्यामुळे वर चढणे जमले नाही तरी फार हुकल्यासारखे वाटून घेऊ नये. विठ्ठल मंदिराचे तिकीटच त्या दिवशी कमलमहाल आणि गजशाळेच्या आवारात चालते. ते आवार सपाट आहे, संध्याकाळसाठी ते ठेवावे. खोली तळमजल्यावरची आणि स्वागतकक्षाजवळची मागून घ्यावी, कारण परिसर बराच पसरलेला आहे.

दगडधोंडे

वरील प्रतिसादातील दुपारचा मुद्दा मान्य आहे, पण दुपारी निजायला राजवाडा लागत नाही. कमलापुरातच कर्नाटक पर्यटन महामंडळाचे मयूर भुवनेश्वरी हे हॉटेल आहे. तिथली खोली साधी असली तरी अंतराचा फायदा तोच मिळतो. मला या आलिशान रिसॉर्टविषयी एक वेगळाच आक्षेप आहे. विजयनगरच्या वाड्यांच्या धर्तीवर कमानी, चौक आणि हौद बांधलेल्या जागेत राहिले, की बाहेरची खरी भग्न कमान पाहताना मन नकळत तिची तुलना त्या गुळगुळीत नकलेशी करू लागते. त्यातच एका उपाहारगृहाला बहमनी हे नाव दिलेले आहे. ज्या घराण्याशी विजयनगरचे पिढ्यान्‌पिढ्या वैर होते त्याच्या नावाने तिथे ताट वाढले जावे, हा विनोद नामकरण करणाऱ्याने जाणूनबुजून केला असेल तर त्याला दाद द्यावी लागेल.

नदीपलीकडे विरूपापूर गड्डीला स्वस्तात राहा, असे जुने सल्ले अजूनही वाचायला मिळतात, ते कृपया मनावर घेऊ नयेत. संरक्षित क्षेत्रातील तिथली बांधकामे सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 मधील निकालानंतर पाडण्यात आली. हनुमानाचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या अंजनाद्री टेकडीच्या पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत, तेव्हा आईंसाठी तो बेत सोडून द्यावा.

एकादशी

खोलीचा प्रश्न बाजूला ठेवून एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आपण आईंना आधी सांगितली नाहीत तर कितीही सुखाची खोली घेतली तरी त्या खट्टू होऊन परततील. विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यात आज मूर्ती नाही. तिथे पूजा नाही, तुळस वाहायला जागा नाही. ते पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील स्मारक आहे आणि रक्षक शिट्टी वाजवून लोकांना जोत्यावरून खाली उतरवत असतात. पंढरपूरच्या ओढीने आलेले माणूस रिकाम्या गाभाऱ्यापुढे उभे राहून "देव कुठे आहे?" असे विचारते, तेव्हा बरोबरच्यांना उत्तर सुचत नाही.

खरे तर उत्तर वारकरी परंपरेतच आहे. कृष्णदेवरायाने मूर्ती विजयनगरला, म्हणजे इथे हंपीला, नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास महाराज यांनी ती पंढरपुरी परत आणली, ही कथा आईंनी कीर्तनात ऐकली असणारच. इतिहासाचे अभ्यासक या कथेकडे निरनिराळ्या दृष्टीने पाहतात; पण श्रद्धेने पाहिले तर देव घरी परत गेला म्हणूनच इथला गाभारा मोकळा आहे, आणि तो मोकळा पाहण्यासाठीच आपण आलो आहोत, असे आईंना सांगता येईल. मंदिराजवळ तुंगभद्रेच्या काठी पुरंदर मंडप आहे, तोही जमल्यास दाखवावा. ज्या कन्नड संतकवी पुरंदरदासांच्या पदांत शेवटी पुरंदर विठ्ठल अशी मुद्रा येते, त्यांचे नाव या मंडपाशी जोडलेले आहे. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी तो पाण्यात जातो, पण जानेवारीत बहुधा अडचण येऊ नये. वाट खडकाळ आहे, हात धरून न्यावे.

हात जोडून प्रत्यक्ष दर्शन घ्यायचे ते विरूपाक्षाचे. 1565 च्या लढाईनंतर राजधानी उद्ध्वस्त झाली, तरी इथली पूजाअर्चा आजही चालू आहे. पोहोचल्याच्या दिवशी संध्याकाळी आईंना तिथे न्यावे. दुपारी गाभारा काही वेळ बंद असतो. मागच्या बाजूच्या अंधाऱ्या मंडपात भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, ती दिवसा उजेडीच दिसते, तेव्हा प्रकाश असेपर्यंत पोहोचलात तर उत्तम.

मुळामुठा

सर्वांचे मनापासून आभार. एकादशी यांनी लिहिलेले आजच आईला वाचून दाखवले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "भानुदासांनी आणला ना परत, मग तिथे कशाला असेल?" तिला रिकाम्या गाभाऱ्याचे वाईट वाटेल ही धास्ती आता गेली आहे. खोलीच्या बाबतीत भावाशी तडजोड अशी झाली की पहिली रात्र मयूर भुवनेश्वरीला आणि दुसरी रिसॉर्टमध्ये काढायची. हे कितपत व्यवहार्य वाटते?

तुंगाकाठ

ताई, तडजोड चांगली आहे, पण याच क्रमाने केली तर नेमकी दुपार हातची जाईल. एका ठिकाणी सकाळी खोली सोडायची आणि दुसरीकडे दुपारनंतर ताबा मिळायचा, म्हणजे मधल्या उन्हात सामान गाडीत आणि आई झाडाखाली. रिसॉर्टला लेखी विचारून सकाळी लवकर खोली मिळण्याची खात्री करून घ्यावी. ती मिळत नसेल तर दोन्ही रात्री एकाच छपराखाली काढाव्यात, मग ते कोणतेही असो. आणि येताना सोलापूरवरून न येता पंढरपूर, मंगळवेढा, विजयापूर, इलकल, कुष्टगी असे यावे. आईंना आधी विठोबाचे दर्शन घडेल, मग त्याचा मोकळा गाभारा. मात्र इलकलला साड्यांच्या दुकानात शिरलात तर विरूपाक्षाची संध्याकाळची वेळ गाठणे अवघड आहे, तेव्हा ती खरेदी परतीच्या दिवसासाठी ठेवावी.