आत्याच्या केअर सेंटरबद्दल, घरच्या ग्रुपवर

ताई (रत्नागिरी): आत्ताच आत्याकडून आले. सगळ्यांनी नीट वाचा, नुसता अंगठा टाकू नका. तिच्या माकडहाडावर लाल चट्टा आलाय, रुपयाएवढा. बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची (बेडसोर) सुरुवात.

दादा (डोंबिवली): अगं, एअर बेड घेऊन दिलाय ना आपण?

ताई: दिलाय. गौरी-विसर्जनाच्या रात्री पावसात लाईट गेली, बेडचा पंप बंद. इन्व्हर्टरवर फक्त दिवे नि पंखे. गादी बसली आणि आत्या सकाळपर्यंत उताणीच. बेड चालू असला तरी कूस बदलावी लागतेच, त्याला माणूस लागतं.

वहिनी: रात्री असतं कोण?

ताई: एरवी तिघी. त्या आठवड्यात एकच मुलगी, २२ जणांना. बाकीच्या गणपतीला गावी. त्यांनी जाऊ नये असं मी म्हणणार नाही, त्यांच्याही घरी गणपती येतो. पण तारीख वर्षभर आधी कॅलेंडरात असते. बदली माणसं संचालकांनी बघायला हवी होती. ती पोर दिवसभराची ड्युटी करून रात्रीलाही थांबली होती. माझ्यासमोर रडली. तिला कोणी काही बोलायचं नाही.

काका: मग दुसरीकडे हलवूया.

ताई: काका, घाई नको. आधीच्या मावशी होत्या तोवर आत्या व्यवस्थित होती. पेज कोमट आणि सोबत लोणच्याची फोड असली तरच पिते, हे त्यांना ठाऊक होतं. मे महिन्यात त्या जास्त पगारावर गोव्याला हॉटेलात गेल्या. त्यानंतर आताची ही तिसरी बाई. आत्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नाही. ती डावीकडून हाक मारते नि वहीत ‘प्रतिसाद नाही’ लिहिते! वाचून पोटात कालवलं माझ्या.

भाची (पुणे, नर्स): मावशी, चट्टा चोळू देऊ नकोस, खाली हवेची गोल रिंगही नको. उद्याच डॉक्टरांना दाखव. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला उशी, टाचा अधांतरी. प्रत्येक वेळी वहीत वेळ आणि सही. रात्रपाळीला कोण असतं तेही विचार. जीएनएम म्हणजे नर्सिंगचं तीन वर्षांचं शिक्षण, एएनएम दोन वर्षांचं. पांढरा कोट घातला म्हणजे नर्स होत नाही.

दादा: फी वाढवून देऊया का?

ताई: देऊ, पण ती त्या मुलींच्या पगारात दिसायला हवी. शनिवारी संचालकांना भेटणार आहे. रात्री किमान दोघी, सणाला बदली माणसं आणि आत्याची माहिती पलंगापाशी लिहून लावलेली, एवढं मागणार.

भाची: टाळाटाळ केली तर ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, १४५६७. सकाळी ८ ते रात्री ८.

दादा: मी येतो शनिवारी. मांडवी एक्सप्रेसचं तिकीट नाही मिळालं तर एसटीने.

ताई: ये. पंपावर किती वॅट लिहिलंय त्याचा फोटो टाकते, तेवढा चालेल असा यूपीएस घेऊन ये.