संदर्भ विभाग बंद नको, बदला
सगळं गुगलवर मिळतं तर वाचनालयात संदर्भ विभाग, म्हणजे वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं शोधून देणारा विभाग, हवाच कशाला असं काही जण म्हणतात, पण मला हे अजिबात पटत नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आपल्याकडे गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत, पण बऱ्याच ठिकाणी संदर्भ विभाग म्हणजे कुलूपबंद कपाट, आणि तिकडे एमपीएससीची पोरं अभ्यासिकेत जागा धरून बसतात, कुणाला सातबारा ऑनलाइन काढायचाय, कुणाला जुनं गॅझेट हवंय, म्हणजे प्रश्न संपलेले नाहीत फक्त बदललेत. विश्वकोश, जिल्हा गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचे सरकारी ग्रंथ) नेटवर फुकट आहेत पण हे सांगणारं कुणीतरी पाहिजे ना! वाचकाचा वेळ वाचवा हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ सालीच सांगून ठेवलंय. माझ्या मते एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर, एक चालू कॉम्प्युटर आणि प्रश्न नीट ऐकून घेणारा ग्रंथपाल एवढ्यावर सुरुवात होते, आलेले प्रश्न वहीत लिहून ठेवले की पुढच्या वेळी कुठली पुस्तकं घ्यायची तेही कळतं. फक्त त्या ग्रंथपालाला आधी धड पगार द्या, तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या माणसाकडून अजून किती मागणार? ट्रेनिंगचं त्यानंतर बघू.