इमर्शन शाळा: दुसरीनंतर ठेवायचं की काढायचं?

प्रश्न
मुलगी दुसरीत आहे. शाळा इमर्शनची, म्हणजे विषयच नव्या भाषेतून शिकवणारी: ९० टक्के तास नव्या भाषेत चालतात आणि घरी ती भाषा कुणालाच येत नाही. वर्गातलं तिला कळतं, पण बोलते तुटक. घरच्या भाषेतलं वाचन मागे पडलंय, गणिताची शाब्दिक उदाहरणं अडतात. कशावरून ठरवायचं?

प्रतिसाद १
वाचनाची घाई करू नका. ९०-१० च्या (९० टक्के नवी भाषा, १० टक्के घरची) रचनेत दुसरीपर्यंत घरच्या भाषेला तासच कमी असतात, मग ती मागे राहणारच. कॅनडात सेंट लॅम्बर्टला १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी फ्रेंच इमर्शनचा वर्ग सुरू झाला, तिथेही मुलांचं इंग्रजी वाचन आधी मागे पडलं आणि इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर लवकरच भरून आलं. बोलणं तर समजण्याच्या मागेच चालतं. खेळण्या-बोलण्यापुरती भाषा एक-दोन वर्षांत येते, अभ्यासाच्या भाषेला मात्र पाच ते सात वर्षं लागतात, असं द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी स्थलांतरितांच्या मुलांबाबत दाखवलं. दुसरीत काढलं, तर कष्ट सगळे झालेले आणि फळ मात्र हाती नाही.

गणिताकडे लक्ष द्या. ‘ताईकडे १२ पेन्सिली आहेत, दादापेक्षा ४ जास्त. दादाकडे किती?’ हे आधी घरच्या भाषेत तोंडी विचारा, दोन दिवसांनी आकडे बदलून शाळेच्या भाषेत. घरच्या भाषेत सुटलं आणि शाळेच्या भाषेत अडलं, तर अडचण भाषेची. दोन्हीकडे १६ उत्तर आलं, तर ‘जास्त’ ऐकलं की बेरीज करायची सवय लागलीय. ती शाळा बदलून जाणार नाही, चित्र काढून समजवावं लागेल.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण ‘आपोआप येईल’ म्हणून वाचनाची खरी अडचण झाकली जाऊ नये. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं, असं तोंडी विचारा. असे खेळ जमत नसतील आणि शिकवूनही दोन्ही भाषांत अक्षर-आवाज जुळत नसेल, तर आत्ताच तपासणी करा, तिसरीची वाट नको. डिस्लेक्सिया (अक्षरं-आवाज जुळवून वाचण्यातली मूळची अडचण) निघाला तरी तेवढ्यावरून काढू नका, तो एकाच भाषेच्या वर्गातही सोबत येतोच. शाळेत त्यासाठी प्रशिक्षित शिक्षक आहे का, ते विचारा. नसेल, तर बदलाचं ते खरं कारण.

प्रश्नकर्ता
आणि घरी काय करायचं? बदलायचंच ठरलं तर केव्हा?

प्रतिसाद ३
घरी रोज १५-२० मिनिटं घरच्याच भाषेत मोठ्याने वाचून दाखवा आणि मध्ये थांबून ‘आता काय होईल?’ विचारा. शाळेची भाषा मोडकीतोडकी बोलायला जाऊ नका, त्यात घरची भाषा मात्र पातळ होते. बदल वर्षाच्या मध्यात नको. नव्या शाळेचं पुढच्या इयत्तेचं गणिताचं पुस्तक आधी मागवा आणि त्यातले ‘बेरीज’, ‘वजाबाकी’, ‘हातचा’, ‘शिल्लक’ असे शब्द सुट्टीत घरच्या भाषेत पक्के करून घ्या. पोरं तिथेच अडखळतात: गणित येत असतं, त्याचं नाव येत नसतं.