मदत हवी आहे : पीएलएसाठी टिनऐवजी झिंकचा कॅटॅलिस्ट, पण रेणुभार घसरतोय

नमस्कार मंडळी,

पॉलिमरमध्ये काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया मदत करा. मी पीएलएवर (पॉलिलॅक्टिक ॲसिड, लॅक्टिक ॲसिडपासूनचं कुजणारं प्लास्टिक) पीएचडी करते आहे.

पीएलएचा कच्चा माल म्हणजे लॅक्टाइड. त्याची कडी उघडून साखळी बनवायला कारखान्यात स्टॅनस ऑक्टोएट हे टिनचं संयुग वापरतात. ते चांगलंच आहे : झपाट्याने काम करतं, एल-लॅक्टाइडची घडण फारशी बिघडवत नाही. पण टिन मालात राहून जातं. शरीरात विरघळणाऱ्या टाक्यांत किंवा शेवटी खतात जाणाऱ्या पिशवीत ते असू नये, असं मला मनापासून वाटतं. जर्मनीत आखेनला हेरेस-पावलिस यांच्या गटाने झिंकची ग्वानिडिन संयुगं 150 अंशांना, वितळलेल्या लॅक्टाइडमध्ये टिनपेक्षा वेगाने चालवून दाखवली आहेत. म्हणजे झिंकने हे जमतं.

माझा झिंकचा कॅटॅलिस्ट सॅलिसिलाल्डिहाइडपासून केलेल्या शिफ बेसचा (हा झिंकला धरून ठेवणारा सेंद्रिय भाग, म्हणजे लिगँड), मुळात पिवळा. टोल्युइनमध्ये 70 अंशांना रेणुभार (म्हणजे साखळ्या किती लांब) हिशोबाप्रमाणे येतो. 150 अंशांना, विद्रावकाशिवाय, 500 लॅक्टाइडला 1 बेंझिल अल्कोहोल (साखळी सुरू करायला) घेतलं की सुरुवातीला सगळं पाण्यासारखं पातळ असतं, मग घट्ट होऊन स्टरर अडकतो. तिथवर ठीक. पण तसंच तापत राहिलं की कोऱ्या चहाचा रंग चढतो. जीपीसीवर (रेणुभार मोजायची चाचणी; पीएलएसाठी आकडा 0.58 ने गुणून) रेणुभार 22 हजारांच्या आसपास, आणि साखळ्यांच्या लांबीचा पसारा मोठा. त्याच लॅक्टाइडवर टिनने 50 हजार मिळतो. हिशोबाने 72 हजार हवा. लॅक्टाइड कोरड्या टोल्युइनमधून दोनदा स्फटिक करून घेतलंय.

दोष ओलाव्याचा की कॅटॅलिस्टचा, हे वेगळं कसं काढू?

प्रतिसाद :

ताई, आधी पाण्याचा हिशोब. 10 ग्रॅम लॅक्टाइडमध्ये 100 पीपीएम पाणी म्हणजे 1 मिलिग्रॅम, साधारण 0.056 मिलिमोल. तुमचं बेंझिल अल्कोहोल 0.14 मिलिमोल. पाण्याचा प्रत्येक रेणू स्वतःची साखळी सुरू करतो, म्हणून साखळ्या 1.4 पट, आणि 72 चे 51 हजार होतात. टिनचा आकडा एवढ्यानेच जुळतो! कार्ल फिशर (पाणी मोजायची चाचणी) करून खात्री करा. स्फटिक केलेला माल वजन करताना हवेतून ओलावा ओढतो.

50 वरून 22 मात्र पाण्याने होत नाही, लॅक्टाइड तर तेच आहे. तिथे संशय झिंकवर : साखळी पूर्ण झाल्यावरही ते गप्प बसत नाही, एस्टरचे बंध अदलाबदल करत राहतं. वितळलेल्या मालातून थोड्या थोड्या वेळाने नमुने काढा. रूपांतर थांबल्यावरही रेणुभार उतरत असेल तर तेच कारण. कमी रेणुभाराचा नमुना मॅल्डीवर (एकेका साखळीचं वजन दाखवणारं यंत्र) टाका : शिखरांत 144 चं (एका लॅक्टाइडचं) अंतर असेल तर साखळ्या शाबूत, मधे 72 च्या (अर्ध्या लॅक्टाइडच्या) अंतराची शिखरं दिसली तर अदलाबदल चालू आहे.

रंगाचं म्हणाल तर लिगँडच पिवळा, त्यात तापमान, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढू नका. स्टरर अडकला की लगेच थंड करा, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून थेंबभर ॲसेटिक ॲसिड टाका आणि गार मेथॅनॉलमध्ये ओता. जिवंत कॅटॅलिस्ट आत राहिला तर ओव्हनमध्ये सुकवतानाही साखळ्या तुटत राहतात.

धागाकर्ती : धन्यवाद दादा. कार्ल फिशर शेजारच्या विभागात आहे, उद्या विचारते. मॅल्डीसाठी 50 ला 1 चा नमुना चालेल का?

प्रतिसाद : चालेल, 7 हजारांच्या आसपास उत्तम दिसतं. टिनचाही तसाच एक सोबत द्या.