गच्चीवरचं पावसाचं पाणी: आधी वापरायचं की थेट जमिनीत जिरवायचं?

पागोळी
आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेपुढे या वेळी गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा विषय आहे. पुण्याच्या कडेचा भाग, ४० फ्लॅट, चार मजले. समितीचा कल शोषखड्डा खणून सगळं पाणी बोअरला देण्याकडे आहे. आजूबाजूला सगळ्यांनी तेच केलंय आणि मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळते. माझं म्हणणं वेगळं आहे. हे पाणी आधी टाकीत घ्या, वापरा, आणि टाकी भरून वाहील तेवढंच जमिनीला द्या.

गच्ची ६०० चौरस मीटर आहे. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. पुण्याची सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास धरली आणि उडणारं, सांडणारं पाचवा हिस्सा वजा केलं, तर वर्षाला ३ लाख ३६ हजार लिटर येतं. म्हणजे १०,००० लिटरचे ३३ टँकर. आम्ही पाऊस पडत असतानाही टँकर मागवतो, म्हणून हा आकडा मला झोंबतो.

लगेच विचारलं जातं की एवढी टाकी बांधणार कुठे. एवढी बांधायचीच नाही! १०,००० लिटरची टाकी २०-२१ मिलिमीटर पावसात भरते. आमच्याकडे फ्लशची लाइन वेगळी आहे, ती सध्या बोअरवर चालते आणि रोज सात हजार लिटर खाते. आज भरलेली टाकी उद्या रात्रीपर्यंत बरीचशी रिकामी होते आणि पुढच्या सरीला जागा तयार असते. पाणी उन्हाळ्यापर्यंत साठवायचा प्रश्नच नाही. पावसाच्या दिवसांत बोअर बंद राहील हे बघायचं. मोटर ३०० फुटांवरून पाणी ओढते, जमिनीतल्या टाकीतून गच्चीवर चढवायला त्याच्या कितीतरी कमी वीज लागेल. आणि जे पाणी आपण उपसलंच नाही ते आपोआप जमिनीतच राहिलं की.

माजी_खजिनदार
तुमचा हिशेब बरोबर आहे, तरी मी विरोधात आहे. तुमच्याच आकड्यांनी बघा. माणशी रोज १३५ लिटर हे शहरासाठीचं प्रमाण धरलं, तर ४० फ्लॅटांतल्या साधारण १६० माणसांना दिवसाला २१,६०० लिटर लागतात. तुमचे वर्षभराचे ३ लाख ३६ हजार लिटर सगळेच्या सगळे पकडले तरी साडेपंधरा दिवसांचं पाणी झालं. त्यासाठी टाकी, पंप, नवे पाइप आणि दर वर्षीची देखभाल. तेवढ्या पैशात प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवा आणि गळके फ्लश दुरुस्त करा. ती बचत बाराही महिने होते.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये खडकवासला, पानशेत, वरसगाव ही पुण्याची धरणं भरत आलेली असतात आणि मुठेत विसर्ग चालू असतो. धरणातून पाणी सोडून द्यावं लागतंय त्या महिन्यात शहरानं थोडं कमी वापरलं तर नेमकं काय साधलं? टंचाई मे महिन्यात असते. तुमची टाकी तेव्हा कोरडी असणार.

पागोळी
विसर्गाचा मुद्दा कोथरूड-सदाशिव पेठेसाठी खरा आहे, तिथे धरणाचं पाणी नळाला येतं. आमच्याकडे ते पुरेसं येत नाही हीच तर तक्रार आहे. आमचा जुलैचा टँकरही कुठल्यातरी विहिरीतून किंवा बोअरमधूनच भरून येतो. मुठा दुथडी वाहत असताना आम्ही शेजारच्या गावाचं भूजल विकत घेतो. हे थांबवायचंय. मे महिन्याचं म्हणाल तर बोअर चार महिने कमी उपसली गेल्याचा उपयोग तेव्हाच होईल.

मुरूमखडक
भूजलाच्या कामात आहे, म्हणून लिहितो. शोषखड्डा खणला की आपल्या बोअरला पाणी वाढतं हे गृहीत धरू नका. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे, म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. मधला अखंड खडक जवळजवळ पाणी धरतच नाही. बोअर घेताना वरचा मुरूम ढासळू नये म्हणून केसिंग पाइप घालतात, त्यामुळे वरच्या थरातलं पाणी बोअरमध्ये येत नाही. तुम्ही खड्ड्यात सोडलेलं पाणी त्याच वरच्या थरात शिरतं आणि उताराच्या दिशेनं निघून जातं. ते एखाद्या विहिरीला, ओढ्याला, झऱ्याला मिळेल, तुमच्या ३०० फुटांवरच्या भेगेला मिळेलच असं नाही.

पण म्हणून जिरवू नका, असं मी अजिबात म्हणणार नाही. भूजल सगळ्यांचं सामाईक आहे. ओढ्यानाल्यांना पावसाळ्यानंतर जे पाणी राहतं ते याच वरच्या थरातून येतं. आपण डोंगरउतार आणि अंगणं काँक्रीटनं झाकून टाकली, तेव्हा थोडं तरी परत देणं लागतो. माझा विरोध एकाच गोष्टीला आहे. केसिंगला भोकं पाडून, वर खडी टाकून पाणी सरळ बोअरमध्ये सोडतात, ते करू नका. गच्चीचं पाणी नीट गाळलेलं असेल तर एकवेळ ठीक. पार्किंगचं पाणी, म्हणजे गाड्यांचं तेल आणि सांडपाण्याच्या चेंबरचा पाझर, तसंच आत गेलं तर खाली खराब झालेलं पाणी साफ करायला कुणाकडे काही उपाय उरत नाही.

जांभ्याची_विहीर
तुम्ही सगळे पुण्याचं बोलताय. रत्नागिरी जिल्ह्यात आमच्याकडे ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल संपता संपता विहिरीचा तळ दिसतो. जांभा चाळणीसारखा आहे, आज जिरवलेलं पाणी दिवाळीनंतर आमच्याजवळ राहत नाही. ‘जिरवा जिरवा’ हे आम्हाला सांगू नका, आम्हाला साठवणच हवी.

आणि साठवण म्हणजे सगळ्या गरजेची नव्हे. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी १० लिटर धरा. पाच माणसं, एप्रिल-मेचे साठ दिवस, ३,००० लिटर झाले. ५,००० लिटरची फेरोसिमेंटची टाकी त्याला पुरते. ती मृगात भरायची नाही. पहिल्या पावसात कौलांवरचा पाचोळा, शेवाळ, पाखरांची घाण सगळं उतरतं. ते पागोळ्यांचं पाणी भांड्यांना, गोठ्याला. टाकी भरायची ती हस्ताच्या पावसात, कौलं धुऊन निघाल्यावर. पन्हळीच्या तोंडाला जुन्या धोतराचं दुहेरी कापड बांधायचं, सरीची पहिली दहा मिनिटं पन्हळ बाजूला वळवून ठेवायची, पाणी काचेच्या ग्लासात नितळ दिसलं की मग टाकीवर आणायची. टाकीचं झाकण घट्ट हवं, उजेड आत जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. पिताना उकळायचं. सिमेंटच्या पत्र्याचं किंवा रंग सुटणाऱ्या छपराचं पाणी मात्र प्यायला नको.

कान्हेरीच्या लेण्यांत बघा, बहुतेक विहारांशेजारी कातळात खोदलेलं टाकं आहे आणि उतारावरून त्यात पाणी आणणारे चर आहेत. त्या लोकांनी पाणी कातळात धरून ठेवलं.

चेन्नईत_मराठी
इथे कायदा झाला तेव्हाची गोष्ट सांगते. २००३ मध्ये तमिळनाडूनं सगळ्या इमारतींना पाऊसपाणी संकलन सक्तीचं केलं. पुढची काही वर्षं विहिरींची पातळी वर आली. मग लोकांनी लक्ष काढून घेतलं, आणि २०१९ च्या जूनमध्ये शहराचे तलाव कोरडे पडले. मला वाटतं खजिनदारसाहेब आणि पागोळीताई दोघांनी यातून आपापल्या बाजूचं घ्यावं. आमच्या इमारतीत गच्चीचं पाणी जुन्या उघड्या विहिरीत सोडतो. इथली जमीन वाळूची, मुरूमखडक म्हणतात तसा खडकाचा अडथळा नाही, त्यामुळे आम्हाला जिरवणंच सोयीचं. तुमची जमीन बघून ठरवा, शेजारच्या सोसायटीचं बघून नको.

माजी_खजिनदार
कोकणाचं मला पूर्ण पटलं. तिथे घर एकाचं, छप्पर एकाचं, पन्हळ वळवणारा हात घरातला. सोसायटीत तो हात कुणाचा? आमच्या सोसायटीत ही यंत्रणा बसवली होती. ठेकेदारानं खड्डा खणला, जाळी बसवली, फोटो काढले, बिल घेतलं. दोन पावसाळ्यांत वाळूच्या गाळणीवर गाळाची अशी साय धरली की पाणी वरून वाहून जिन्याखाली शिरायला लागलं. शेवटी एकानं पाइप तोडून गटाराला जोडला. तो आजही तसाच आहे आणि कागदावर आमची यंत्रणा चालू आहे. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना ही सक्ती आहे, तिथेही भोगवटा प्रमाणपत्र मिळालं की पुढे कोण बघतं?

शिवाय डेंग्यू. एडिस डासाला स्वच्छ, साठलेलं पाणीच लागतं.

पागोळी
डासाची भीती योग्य आहे. टाकी जमिनीखाली, झाकण रबराच्या पट्टीचं, ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपाला बारीक जाळी. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, पण पाणी रोज बदलतं म्हणून जाळी टाळता येत नाही, कारण अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात. एवढी काळजी आपण नळाच्या पाण्याच्या टाकीचीही घेत नाही, खरं तर तीही घ्यायला हवी.

गाळणी बंद पडण्याचं तुमचं म्हणणं मी ठरावात घेते. वाळूची गाळणी नकोच. धुता येणारी जाळी, जिन्याजवळ, हाताच्या उंचीवर. गच्ची मेअखेर झाडून घ्यायची. पहिला पाऊस व्हॉल्व्ह उघडून बाहेर सोडायचा. टाकीचा ओव्हरफ्लो बोअरपासून लांब, बागेकडच्या खड्ड्यात. पार्किंगचं पाणी यात येऊच द्यायचं नाही.

मुरूमखडक
याला माझी हरकत नाही. एक काम आत्ताच सुरू करा. बोअरमध्ये दोरी सोडून पाण्याची पातळी महिन्यातून एकदा, मोटर रात्रभर बंद ठेवल्यावर, सकाळी मोजा आणि वहीत लिहा. मे आणि ऑक्टोबरच्या नोंदी सगळ्यांत मोलाच्या. त्या नसतील तर दोन वर्षांनी कुणीही काहीही म्हणेल.

माजी_खजिनदार
जाळी कोण धुणार, व्हॉल्व्ह कोण उघडणार, पातळी कोण मोजणार, हे ठरावात नावानिशी लिहा. ‘समिती बघेल’ असं नको. आणि ते करणाऱ्याला देखभाल शुल्कात सूट द्या. एवढं असेल तर टाकीला माझा विरोध नाही. नुसता शोषखड्डा खणून करसवलत घेणार असाल तर तुमच्या सभेत माझं हे पत्र वाचून दाखवा.