स्मॅप असला तरी पत्ता तपासावाच लागतो
प्रोसेसरमध्ये स्मॅप ही संरक्षणाची सोय चालू असेल तर 'अ‍ॅक्सेस_ओके'ची तपासणी (यूझरने दिलेला पत्ता यूझरच्याच मेमरीतला आहे ना, हे लिनक्समध्ये पाहणारी) हवीच कशाला, असं कुणीतरी लिहिलंय. नाही पटलं. स्मॅप कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, अडवतो ते यूझरच्या प्रोग्रॅमच्या मेमरीतल्या पानांना चुकून हात लावण्यापासून. पण यूझरने पॉइंटर म्हणून चक्क कर्नलमधलाच पत्ता पुढे केला तर? स्मॅपला त्यात काही वावगं दिसत नाही, कर्नल आपल्याच घरात लिहितोय ना!

हे नुसतं पुस्तकी नाही. २०१७ मध्ये लिनक्स ४.१३ मध्ये 'वेटआयडी' हा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे करायची मागणी) वेगासाठी 'अनसेफ_पुट_यूझर'वर (पत्ता स्वतः न तपासता यूझरच्या मेमरीत लिहिणाऱ्या कोडवर) नेला आणि पत्ता तपासणारी ओळ राहून गेली. (नावातच 'अनसेफ' आहे, तरी!) साध्या वापरकर्त्यालाही कर्नलच्या मेमरीत लिहिता येऊ लागलं. दुरुस्ती त्याच ऑक्टोबरात झाली, जेमतेम काही ओळींची. मला जास्त आवडलं ते पुढचं: ५.० पासून ही तपासणी 'यूझर_अ‍ॅक्सेस_बिगिन'च्या, म्हणजे स्मॅप तात्पुरता उठवणाऱ्या फंक्शनच्या, आतच घातली. स्मॅपचं दार उघडायचं तर आधी पत्ता दाखवा. जुन्या कर्नलवर ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी मात्र हे गृहीत धरू नये, तिथे तपासणी आपल्यालाच करावी लागते.